सांदणातलं यीस्ट

गेल्या पावसाळ्यात पेणमधल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, काका, तुम्ही झोपेत दात खाता का? मी म्हटलं, मला कसं माहीत असणार, मी तेव्हा झोपलेला असतो. त्या हसल्या नाहीत. दाढा पार सपाट झाल्यात म्हणाल्या, कसली चिंता आहे का? मी पेन्शनर माणूस. मुलगी सासरी सुखात, साखर ताब्यात, घराचे पत्रे नवे. चिंता कसली असणार, असं म्हणून मी ऐटीत खुर्चीवरून उठलो, पण जिना उतरताना उमगलं. दात खाल्ल्याचा तो आवाज मी तीन वर्षं ऐकत होतो, आणि तो मेंढ्याचा आहे असं समजत होतो.

माणूस रागाने दात खातो, मेंढी पोटातल्या कळेने खाते. कर्र, मग थोडी उसंत, मग पुन्हा कर्र. धाटावच्या नाक्यावर शिफ्टची बस गिअर बदलते तेव्हा तो आवाज मला ऐकू येतो. जिते गावी बहिणीकडे जाताना गाडीने ब्रेक दाबला की येतो. भर दुपारी बायको नारळ खवायला बसली तरी येतो, आणि मी उठून गॅलरीत जातो. इडलीचं पीठ आमच्या घरात आता भिजत नाही. आंबलेल्या तांदळाचा वास आला की मला उमासे येतात. बायकोला मी पित्ताचं कारण सांगितलंय, आणि ती बिचारी माझ्यासाठी कोकमाचं सार करते.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे जनावरांचा अर्धा डॉक्टर. पदवी नाही, पदविका. इंजेक्शनं, खच्चीकरण, लसीकरण, कानात बिल्ले मारणं ही आमची कामं. गावात मात्र सगळे डॉक्टरच म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. राहायला पेणला, दवाखाना रोह्याच्या अलीकडे. तीस वर्षं ही ये-जा केली. औषधात माझा हात बेताचाच होता, हे मी आता उघड कबूल करतो. माझं नाव होतं ते समजावून सांगण्यात. पदवीवाले डॉक्टर दोन शब्द बोलून जीपमध्ये बसायचे. मी पडवीत मांडी घालून बसायचो आणि ज्याला जे कळेल त्या भाषेत सांगायचो. मिठागरावरच्या माणसाला मी मिठाच्या कोंडीवरून म्हशीचं दूध कसं आटतं ते सांगितलंय. बाया म्हणायच्या, डाक्टर सांगतात तर डोक्यात शिरतंय. ते ऐकून मी फुशारून जायचो.

आमच्या भागात मेंढरं नसतात. इथल्या पावसात त्यांचे खूर कुजतात, लोकर भिजून जड होते, आणि ती उभी राहूनच खंगतात. दिवाळीनंतर घाटावरचे मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरतात, कापलेल्या भातखाचरांत बसतात आणि पावसाआधी परत चढतात. अशाच एका कळपातलं कोकरू खालाच्या नवऱ्याने विकत घेतलं होतं.

खाला म्हणजे रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातली कोकणी मुसलमान बाई. साठीच्या पुढची, अंगाने किरकोळ, आवाजाने दणकट. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो कारण सगळा मोहल्ला म्हणायचा. नवऱ्याने उमेदीची वर्षं आखातात काढली आणि परत येऊन थोडी शेती, चार शेळ्या असा जम बसवला. एकुलता एक मुलगा आता कुवेतला. नवऱ्याची एकच हौस होती: विकतचा बोकड कापायचा नाही, घरी वाढवलेला मेंढा कुर्बानीला द्यायचा. जे आपल्या हातून खातं तेच देण्यात अर्थ आहे, नाहीतर ती नुसती खरेदी, असं तो मला पडवीत बसून सांगायचा. कोकरू आणलं आणि पुढच्या श्रावणात तो हृदयाच्या झटक्याने गेला. खालाने त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर जाहीर केलं की हा मेंढा येत्या ईदला त्याच्या नावाने द्यायचा. मुलगा फोनवर म्हणाला, अम्मा, चांगला बोकड घे, पैसे पाठवतो. ती म्हणाली, त्याच्या नावाचा हा आहे.

त्या मेंढ्याने आमचा पावसाळा काढला, हेच नवल. खालाने त्याला पडवीत लाकडी फळ्यांवर ठेवलं, खूर रोज कोरडे पुसले. पण ईदला दीड महिना राहिला तेव्हा तिच्या मायेला भरती आली. तांदळाची कणी, शिळ्या भाकऱ्या, लग्नाघरचा उरलेला भात, सगळं त्याच्या पुढ्यात. मेंढ्याला हगवण लागली. तो रवंथ करेना, मान टाकून उभा राही. मी गेलो, त्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवला आणि नेहमीप्रमाणे माझी शाळा सुरू झाली.

मेंढीचं पहिलं पोट, ज्याला आम्ही कोटीपोट म्हणतो, ते स्वतः काही पचवत नाही. त्यात कोट्यवधी जंतू राहतात, ते चारा कुजवतात आणि मेंढी त्यावर जगते. काही जंतू पेंढा खाणारे, काही पिठूळ खाणारे. भात-कणी जास्त झाली की पिठूळवाले माजतात, पोटात आम्ल चढतं, पेंढावाले मरतात. अशा वेळी जिवंत यीस्टची पावडर थोडी थोडी दिली तर मदत होते. ते यीस्ट पोटात शिरलेली हवा शोषतं, आम्ल खाणाऱ्या जंतूंना बळ देतं आणि पेंढा पचवणाऱ्यांना पुन्हा उभं करतं. माझ्याकडे विक्रेत्याने दिलेली एक नमुन्याची पुडी होती. ती मी खालाला दिली. कणी बंद, भात बंद, पेंढा भरपूर, आणि रोज एक चमचा पावडर कोरड्या भुश्यावर भुरभुरायची, एवढं सांगितलं. तिने पुडीचा वास घेतला आणि विचारलं की हे कशाचं आहे. मी म्हटलं, खाला, तुमच्या सांदणात घालता ना, त्यातलाच प्रकार.

सांदण तिच्या हातचं खावं. तांदळाचं वाटलेलं पीठ, पूर्वी ताडीने फुगवायचे, आता यीस्टने. नारळाचं दूध घालून वाफवायचं. माझं उदाहरण तिला इतकं पटलं की तिने शेजारणीला हाक मारून तेच ऐकवलं.

आणि गुण आला. आठ-दहा दिवसांत लेंड्या बांधीव पडू लागल्या. मेंढा दुपारी पडवीत बसून डोळे अर्धे मिटून रवंथ करायचा आणि खाला त्याच्या समोर सुपात तांदूळ निवडत बसायची. मी जाताना मुद्दाम स्कूटर तिच्या दारावरून न्यायचो. स्वतःचं कौतुक बघायला कुणाला आवडत नाही?

पुडी संपली तेव्हा मी रजेवर होतो. पेणच्या बाजारात पोहे घेत होतो आणि फोन वाजला. खाला म्हणाली, पुडी संपली, रोह्यात मिळत नाही, आता काय करू? ईदला दोन आठवडे होते. मी म्हटलं, सोमवारी आणतो, दोन दिवस नाही दिलं तर बिघडत नाही. इथे थांबायला हवं होतं. पण दुकानदार ऐकत होता, आणि मला माझं उदाहरण आठवलं. मी म्हटलं, अगदीच वाटलं तर तुमचं सांदणाचं द्या ना, एकाच जातीचं ते. दुकानदार हसला. मीही हसलो. पोह्यांचं वजन करून घेतलं आणि घरी आलो.

चमचाभर कोरडं द्यायचं, हे मी त्या वेळी पुन्हा बोललो नाही. तिच्या स्वयंपाकघरात कोरडं यीस्ट कुणी कधी तसंच वापरलं नव्हतं. ते आधी कोमट पाण्यात गूळ घालून उठवायचं, मग तांदळाच्या पिठात कालवायचं, झाकून उबेला ठेवायचं. फेस आला तरच ते जिवंत. न फुगवता घालणारी बाई फुहड, गबाळी. खाला फुहड नव्हती. तिने जे केलं ते नीट, निगुतीने, चाळीस वर्षांच्या हाताने केलं.

सोमवारी दुपारी मी पोहोचलो तेव्हा दारातच तो आवाज ऐकला. मेंढा पाय ताणून उभा होता, दात खात होता. डावी कूस टम्म. मी मुठीने दाबली तर आत पाणी डचमळलं. पडवीभर आंबूस वास. काय दिलंत, असं मी विचारायच्या आधीच खाला अभिमानाने आणि घाबरून, दोन्ही एकदमच, म्हणाली, "तुमी सांगलात तसाच केला. आधी फुगवला, मंग दिला. अक्खा टोप पियाला."

कोपऱ्यात भांडं होतं. तिने दुसऱ्या दिवसासाठीही भिजवून ठेवलं होतं, वर ताटली झाकलेली. गुळाचं, वाटलेल्या तांदळाचं, फसफसलेलं पीठ. जे पोट कणीने बिघडलं होतं त्याला मी कणीचा रस पाजायला लावला होता.

मी खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, कूस चोळली, सलाईन लावलं. रोह्याच्या पदवीवाल्या डॉक्टरांना फोन केला. ते शिबिरात होते, येतो म्हणाले. मेंढा बसला, उठला, पुन्हा बसला. शेजारचे एक म्हातारे चाचा सुरी घेऊन दारात आले आणि हळूच म्हणाले, जाणारच असेल तर आताच हलाल करू, निदान तसाच मरून वाया जायला नको. खालाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थांबा, सुटेल. चाचा सुरी पदराआड लपवावी तशी लुंगीच्या घडीत घालून उभे राहिले. दुपार कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा मेंढ्याने मान वाकडी केली आणि दात खाणं थांबवलं. त्या शांततेत मला कोपऱ्यातून बारीक फसफस ऐकू आली. ताटलीखालचं पीठ अजून फुगत होतं.

तेवढ्यात जीप आली. मी उठलो, पेंढ्याची एक पेंडी उचलली आणि त्या टोपासमोर नेऊन ठेवली.

हे मी का केलं, याची कारणं शोधून मी थकलो. एका मेंढ्यापायी माझी नोकरी जाणार नव्हती. तीन महिन्यांत निवृत्तच होणार होतो. पण डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि माझ्या गोष्टी सांगण्याला गालात हसायचे. त्यांच्यासमोर हे उघडं पडायला नको, एवढंच मनात होतं. एवढ्याशा लाजेपायी मी ते केलं. त्यांनी कूस बघितली, विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, कणी जास्त झाली असेल. खाला क्षणभर त्या पेंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय साहेब. माझाच हात सुटला. ईद जवल आली ना."

मेंढ्याला परसात पुरलं. मुलाने कुवेतहून नवा बोकड घ्यायला लावला, पण आईवर चिडला. अब्बांचा मेंढा तू खायला घालून मारलास, असं बोलला, आणि दुसऱ्या वर्षी शेळ्या विकल्या, घराला कुलूप लावलं आणि तिला रोह्याजवळ वरशाला नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. तिला आता झेपत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. हे मला चाचांकडून कळत होतं. दर ईदला मात्र तिच्याकडून माझ्यासाठी डबा यायचा, कुणा ना कुणाच्या हाती, थेट पेणला. मी ताटावर बसायचो आणि कर्र आवाज सुरू व्हायचा. डबा खालच्या मजल्यावर देऊन टाकायचो.

दातांच्या डॉक्टरबाईंनी झोपताना दातांवर चढवायची एक प्लास्टिकची खोळ करून दिली. ती घालून आठ दिवस झोपलो. नवव्या दिवशी सकाळी ती बघितली तर तिच्यावरही चरे पडलेले. त्याच दिवशी मी वरशाला गेलो.

खाला खिडकीपाशी बसली होती. खाली कुणाच्या तरी शेळीचा आवाज आला की ती वाकून बघायची. मला बघून तिला खरंच आनंद झाला. चहा केला, खारी दिली. सांदण नाही करत आता, म्हणाली, त्या दिवसापासून हात लावला नाही. मग पदर सारखा करून ती म्हणाली, "एक गोष्ट बोलायची राहिली हाय. त्या दिवशी तुमी टोपापुढे पेंडी ठेवलीत, ती मी बघितली. माझी लाज राखलीत तुमी. मोठ्या डाक्टरासमोर मला वेडी ठरू दिली नाय. दर ईदला दुआ करते तुमच्यासाठी."

मला वाटतं मी तेव्हाच पळून गेलो असतो तर बरं. पण तोंड उघडलं, आणि सवयीने जे यायचं तेच आलं: खाला, असं बघा, समजा एखादा माणूस रस्ता सांगतो... तिने हात वर केला.

"उदाहरण नको डाक्टर. काय झाला ते सांगा."

मग सांगितलं. मी म्हटलं, तुमचा हात सुटला नव्हता. पुडीतलं यीस्ट चमचाभर आणि कोरडं द्यायचं होतं, तुम्हाला सांदणाचं द्या मी म्हटलं, कसं ते सांगितलं नाही. चाचांना थांबवलं तेही मीच. ती पेंडी मी माझ्यासाठी ठेवली होती, तुमच्यासाठी नव्हे. ही पाच-सहा वाक्यं बोलायला मला तीन वर्षं लागली आणि बोलून व्हायला चहा निवला तेवढाही वेळ लागला नाही.

खाला स्वतःच्या हातांकडे बघत होती. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. मग फोन उचलला, मुलाला लावला आणि माझ्या हातात दिला. ह्याला सांगा, एवढंच म्हणाली. तिकडे कसलीतरी मशीन चालू होती. मी सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकून घेत होता, मध्ये एकदा मशीन बंद झाली. शेवटी त्याने विचारलं, अम्मा आहे का तिथे, तिला द्या. ती भिंतीकडे चेहरा करून ऐकत राहिली.

फोन ठेवल्यावर मी तिची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा, बिनउदाहरणाची. ती म्हणाली, "माझी कशाला? मेंढा माझा नव्हता. ज्याच्या नावाचा होता त्याला विचारा."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी गेलो असतो. तिने मला पत्ता सांगावा तसं ते सांगितलं आणि कपबशा उचलून आत गेली.

तिचं जुनं गाव वाटेवर नव्हतं, तरी मी स्कूटर तिकडे वळवली. गावाबाहेर खाडीच्या बाजूला कब्रस्तान आहे, कमरेएवढ्या भिंतीचं. खालाचा नवरा तिथेच पुरलेला आहे. तीस वर्षं त्याच रस्त्याने गेलो, पण मेंढ्यानंतर तिथे आलो की मी मान दुसरीकडे करायचो. या वेळी थांबलो. दुपारची वेळ होती, आत कुणी नव्हतं. फाटकाची कडी काढायला हात गेला नाही. पडवीत बसून तो मला म्हणायचा, जे आपल्या हातून खातं तेच देण्यात अर्थ आहे. त्याला मी काय समजावून सांगणार होतो? भिंतीवर हात ठेवून मी उभा राहिलो, आणि आवाज आला, कर्र. मी इकडेतिकडे बघितलं नाही. जबडा सैल सोडला, तोंड उघडं ठेवलं आणि तसाच, गावातल्या खुळ्यासारखा, त्याने काही बोलावं म्हणून वाट बघत राहिलो.

यंदाच्या ईदला डबा आला नाही.